घरच्या घरी नेटवर्किंगची प्रयोगशाळा : काय घ्यावे, काय टाळावे

अकोल्याचा उन्हाळा आणि संगणक नेटवर्किंगचा अभ्यास यांचा परस्परांशी काय संबंध, असा प्रश्न कुणालाही पडेल. प्रत्यक्षात हा संबंध अगदी थेट आहे. नेटवर्किंग शिकणाऱ्यांत वर्षानुवर्षे लोकप्रिय असलेला सिस्को कंपनीचा १८४१ हा जुना राउटर शून्य ते ४० अंश सेल्सिअस तापमानात चालावा, अशा हिशेबाने बनविलेला आहे. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो. वरच्या मजल्यावरील, थेट गच्चीखाली असलेल्या खोलीत दुपारी काय स्थिती असते, हे अमरावती-अकोल्याच्या रहिवाशांना सांगण्याची गरज नाही. मुंबई-दिल्लीच्या बाजारातून हौसेने मागविलेले यंत्र ऐन अभ्यासाच्या दिवसांत बंद पडले, तर दोष यंत्राचा नसून निवडीचा असतो.

अमरावती विद्यापीठाची स्थापना १९८३ मध्ये झाली. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय तर १९६४ पासूनचे. बडनेरा, बाभुळगाव, शेगाव येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी या भागात तांत्रिक शिक्षणाची परंपरा रुजविली, तर २००१ मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणक तालुक्याच्या गावापर्यंत नेला. त्यातूनच नेटवर्किंगकडे वळणारा विद्यार्थीवर्ग तयार झाला. मात्र नेटवर्किंग हे पोहण्यासारखे शास्त्र आहे. पुस्तक वाचून ते समजते, पण येत नाही. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मिळणारे ठरावीक तास या सरावाला पुरत नाहीत आणि मग घरीच छोटी प्रयोगशाळा उभारण्याचा विचार पुढे येतो.

येथेच खरी अडचण सुरू होते. शहरातील खोलीचे भाडे, मेस आणि शिकवणी यांचा खर्च गावाकडील कापूस-सोयाबीनच्या पैशातून भागणार असेल, तर चुकीच्या खरेदीची किंमत केवळ रुपयांत मोजता येत नाही. ज्या पैशातून परीक्षेचे शुल्क भरता आले असते, ते कोपऱ्यात धूळ खाणाऱ्या लोखंडी पेटीत अडकून पडतात. म्हणूनच काय घ्यावे यापेक्षा काय टाळावे, हा विचार आधी करणे श्रेयस्कर ठरते.

आधी उद्दिष्ट, मग खरेदी

या क्षेत्रात प्रवेश करणाऱ्या बहुसंख्य विद्यार्थ्यांचे पहिले लक्ष्य सिस्कोची सीसीएनए ही परीक्षा असते. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या परीक्षेचा अभ्यासक्रम अनेकदा बदलला. पूर्वी दूरच्या दोन शाखा जोडण्यासाठी ‘फ्रेम रिले’ आणि सिरियल जोडणीचे तंत्र वापरले जात असे. त्यामुळे सिरियल कार्ड, त्यांच्या जाडजूड केबल आणि त्या बसणारे राउटर ही प्रयोगशाळेची अत्यावश्यक सामग्री मानली जाई. फ्रेम रिले २०१६ मध्ये या परीक्षेतून वगळले गेले. फेब्रुवारी २०२० मध्ये लागू झालेल्या २००-३०१ या परीक्षेत सिरियल जोडणीवरील पीपीपी हा भागही उरला नाही. त्याऐवजी आयपीव्ही६, वायरलेस, सुरक्षा आणि स्वयंचलन यांना महत्त्व आले. ऑगस्ट २०२४ मध्ये याच परीक्षेची १.१ ही सुधारित आवृत्ती लागू झाली.

बाजारात मात्र ‘संपूर्ण सीसीएनए लॅब’ या नावाखाली आजही जुने गाठोडे विकले जाते. त्यात २६०० मालिकेतील राउटर, २९५० मालिकेतील स्विच आणि सिरियल केबलचा गुंडाळा असतो. किंमत कमी दिसते, म्हणून मोह होतो. परंतु २९५० हा स्विच जुन्या १२.१ आवृत्तीच्या प्रणालीवर चालतो आणि दुरून सुरक्षितपणे आत शिरण्यासाठी लागणारी एसएसएच ही सुविधा त्याच्या साध्या प्रणालीत मिळत नाही. आजच्या परीक्षेत आणि आजच्या नोकरीतही ही अगदी प्राथमिक बाब आहे. तेव्हा खरेदीपूर्वी परीक्षेचा अधिकृत अभ्यासक्रम समोर ठेवावा आणि प्रत्येक मुद्द्यापुढे ‘याला प्रत्यक्ष यंत्र लागते काय’ असा प्रश्न लिहावा. बहुतेक ठिकाणी उत्तर ‘नाही’ असे येते.

संगणकाच्या आतील प्रयोगशाळा

हे उत्तर ‘नाही’ असे येण्याचे कारण म्हणजे आज उपलब्ध असलेली सॉफ्टवेअर. त्यांचे दोन प्रकार ध्यानात घ्यावेत. पहिला प्रकार सिम्युलेटरचा. सिस्कोचे ‘पॅकेट ट्रेसर’ हे त्याचे उदाहरण. सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीत नावनोंदणी केल्यावर ते मोफत मिळते आणि साध्या लॅपटॉपवरही चालते. यात खरी प्रणाली नसते. प्रत्येक आज्ञेला खरा राउटर काय उत्तर देईल, याची नक्कल लिहून ठेवलेली असते. म्हणून काही आज्ञा त्यात चालत नाहीत आणि क्वचित वर्तनही खऱ्यापेक्षा वेगळे असते. तरीही नवशिक्याचे पहिले काही महिने त्यावर उत्तम निभावतात.

दुसरा प्रकार इम्युलेटरचा. यात संगणकाच्या आत खऱ्या राउटरची प्रणालीच चालविली जाते. जीएनएस३, ईव्ही-एनजी आणि सिस्कोचे स्वतःचे ‘मॉडेलिंग लॅब्ज’ ही यातील प्रसिद्ध नावे. जीएनएस३ हे सॉफ्टवेअर मोफत आहे, परंतु त्यात चालविण्यासाठी लागणारी सिस्कोची प्रणाली त्यासोबत मिळत नाही. ती कुठून तरी उतरवून घेणे हा परवान्याचा भंग ठरतो, याची अनेकांना कल्पनाच नसते. अधिकृत मार्ग म्हणजे ‘मॉडेलिंग लॅब्ज’. त्यात प्रणालीही सोबतच मिळतात. वार्षिक शुल्क भरून घेतल्या जाणाऱ्या वैयक्तिक आवृत्तीत एका वेळी २० यंत्रे चालविता येतात आणि मोफत आवृत्तीत पाच.

पाच यंत्रे पुरेशी आहेत काय? ओएसपीएफ या मार्गनिर्धारण पद्धतीचे उदाहरण घेऊ. एकाच जाळ्यावरील राउटर आपल्यातून एक प्रमुख आणि एक उपप्रमुख निवडतात. हे पाहण्यासाठी किमान दोन राउटर हवेत. उरलेले सामान्य राउटर परस्परांशी पूर्ण माहितीची देवाणघेवाण न करता केवळ ओळख ठेवून थांबतात. हे दृश्य पाहायचे, तर चौथा राउटर लागतो. हे चार राउटर आणि त्यांना जोडणारा एक स्विच, अशी पाच यंत्रे मोफत आवृत्तीतही बसतात. हेच चार राउटर प्रत्यक्ष विकत घेऊन टेबलावर मांडायचे म्हटले, तर खर्च, जागा, वीज आणि उष्णता या चारही आघाड्यांवर हार पत्करावी लागते.

ज्यांना सिस्कोच्या पलीकडे पाहायचे आहे, त्यांच्यासाठी लिनक्सवर चालणारे ‘एफआर राउटिंग’ हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. जाळ्यातून वाहणारी माहिती डोळ्यांनी पाहण्यासाठी ‘वायरशार्क’ हवेच. तेही मोफत आहे. किंबहुना, ज्याने वायरशार्कमध्ये एखादी जोडणी सुरू होऊन संपताना शांतपणे पाहिली आहे, त्याची समज महागडी सामग्री बाळगणाऱ्यापेक्षा पक्की असते.

पहिला खर्च संगणकावर

यावरून खरेदीचा क्रम आपोआप ठरतो. पहिला रुपया राउटरवर नव्हे, तर संगणकाच्या मेमरीवर खर्च करावा. साध्या आभासी राउटरला सुमारे अर्धा जीबी मेमरी लागते. मोठ्या, आधुनिक राउटरच्या आभासी आवृत्तीला चार जीबीच्या आसपास लागते. ८ जीबीच्या लॅपटॉपवर सुरुवात होऊ शकते, परंतु १६ जीबी असल्यास सीसीएनएपर्यंतचा अभ्यास निर्धोकपणे पार पडतो. घरी आधीच लॅपटॉप असेल, तर नवा घेण्याऐवजी त्याची मेमरी वाढवावी आणि जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी. मात्र काही पातळ लॅपटॉपमध्ये मेमरी मदरबोर्डवरच जोडलेली असते आणि ती वाढविता येत नाही. हे आधी तपासावे.

कार्यालयांतून निवृत्त झालेले डेल, लेनोव्हो, एचपी यांचे रिफर्बिश्ड डेस्कटॉप हाही चांगला पर्याय आहे. अशा संगणकात प्रोसेसरची आभासीकरणाची सुविधा बायोसमध्ये बंद ठेवलेली असू शकते. ती सुरू केल्याशिवाय इम्युलेटर एक तर चालत नाही किंवा रखडत चालतो. ‘संगणक कमकुवत आहे’ असा निष्कर्ष काढून नवा घेण्यापूर्वी ही एक नोंद पाहावी. ती बदलण्यास पैसे लागत नाहीत.

प्रत्यक्ष यंत्र कशासाठी?

मग प्रत्यक्ष यंत्रांची गरजच नाही काय? आहे, पण मर्यादित. पडद्यावर काढलेली केबल कधी सैल होत नाही. तिचे टोक चुकीचे चिमटलेले नसते. खऱ्या स्विचवरील दिवा हिरव्याऐवजी केशरी का झाला, कन्सोल केबल लावूनही पडद्यावर अक्षरे का उमटत नाहीत, पासवर्ड विसरलेल्या राउटरमध्ये शिरायचे कसे, हे प्रश्न नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात समोर येतात. मुलाखतीतही त्यांवरच बोट ठेवले जाते.

यासाठी दोन स्विच आणि एक राउटर एवढी सामग्री पुरेशी होते. स्विच घेताना सिस्कोच्या २९६० मालिकेचा विचार करता येईल. त्यातही २४ पोर्टच्या पेटीऐवजी आठ पोर्टचा लहान स्विच घरासाठी अधिक सोयीचा. त्यात पंखा नसल्याने रात्री अभ्यास करताना घरातील माणसांची झोप मोडत नाही. मॉडेल क्रमांकाच्या शेवटी ‘एल’ हे अक्षर असल्यास तो ‘लॅन बेस’ प्रकारचा, म्हणजे अधिक सुविधांचा असतो. ‘एस’ असल्यास ‘लॅन लाइट’, म्हणजे काटछाट केलेला. किमतीतील किरकोळ फरकासाठी दुसऱ्या प्रकाराकडे वळू नये.

असे दोन स्विच दोन केबलांनी परस्परांना जोडून एक प्रयोग अवश्य करावा. नेहमीच्या स्थितीत स्पॅनिंग ट्री ही यंत्रणा त्यांतील एक वाट रोखून धरते. ती यंत्रणा मुद्दाम बंद केली, की एकच संदेश दोन स्विचमध्ये वर्तुळाकार फिरू लागतो, त्याच्या प्रती वाढत जातात, सर्व दिवे एकाच लयीत वेड्यासारखे लुकलुकतात आणि जाळे ठप्प होते. एखाद्या कार्यालयात कोणी चुकून केबलची दोन्ही टोके भिंतीतील दोन सॉकेटांत खोचली आणि तिथे ही यंत्रणा बंद असेल, तर नेमके हेच घडते. हे दृश्य एकदा पाहिलेला विद्यार्थी ते आयुष्यभर विसरत नाही.

राउटरच्या बाबतीत जुन्या सिस्कोऐवजी लॅटव्हियातील मायक्रोटिक कंपनीचा पाच पोर्टचा लहान राउटर घेणे अनेकांच्या दृष्टीने शहाणपणाचे ठरते. तो तळहाताएवढा असतो, वीज अत्यल्प घेतो, त्यालाही पंखा नसतो आणि नवा असल्याने हमीसह मिळतो. छोट्या शहरांत इंटरनेट पुरविणाऱ्या स्थानिक व्यावसायिकांकडे याच कंपनीची उपकरणे मोठ्या प्रमाणात आढळतात. सिस्कोची आज्ञापद्धती संगणकातील प्रयोगशाळेत आणि रोजच्या व्यवहारातील राउटर टेबलावर, असा हा मेळ आहे.

जुना माल पारखताना

मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि दिल्लीचे नेहरू प्लेस ही जुन्या-नव्या संगणक सामग्रीची नामांकित ठिकाणे. तेथून पार्सलने माल मागविताना तो हातात घेऊन पाहण्याची सोय नसते. अशा वेळी यंत्र सुरू करून ‘शो व्हर्जन’, ‘शो फ्लॅश’ आणि ‘शो इन्व्हेंटरी’ या तीन आज्ञांचे उत्तर दिसेल असा व्हिडिओ विक्रेत्याकडून मागवावा. पहिल्या आज्ञेतून प्रणालीची आवृत्ती, दुसऱ्यातून साठ्यातील फाइल आणि तिसऱ्यातून प्रत्यक्ष बसविलेले भाग कळतात. प्रणालीची आवृत्ती महत्त्वाची, कारण नवी प्रणाली उतरवून घेण्यासाठी कंपनीशी सेवाकरार लागतो आणि जुना माल घेणाऱ्याकडे तो नसतो. जी प्रणाली यंत्रात आहे, तिच्यावरच समाधान मानावे लागते.

यंत्रात आधीच्या मालकाचा पासवर्ड राहिला असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. सिस्को राउटरमध्ये कॉन्फिगरेशन रजिस्टरचे २१०२ हे नेहमीचे मूल्य बदलून २१४२ केल्यास तो जुनी मांडणी न वाचताच सुरू होतो. काम झाल्यावर मूल्य पूर्ववत करावे, अन्यथा प्रत्येक वेळी राउटर आपली नवी मांडणीही विसरतो. हा स्वतंत्र धडाच आहे.

वायर आणि हत्यारे

प्रयोगशाळेतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे वायर. बाजारात तांब्याच्या नावाखाली अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल सर्रास मिळते. ती हलकी आणि स्वस्त असते, पण चिमटताना तुटते आणि वीज वाहून नेताना अधिक तापते. केबलमधूनच वीज घेणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी ती घातक ठरू शकते. सुरीने तार किंचित खरवडल्यास आतील पांढरा धातू दिसतो. तेवढी परीक्षा पुरेशी आहे.

यासोबत क्रिम्पिंगचे हत्यार, आरजे-४५ जोडण्या, साधा केबल टेस्टर आणि यूएसबीवर चालणारी कन्सोल केबल घ्यावी. कन्सोलचा वेग सामान्यतः ९६०० असतो. तो चुकीचा निवडल्यास पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात. रंगांचा क्रम पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा असतो. तो पाठ होईपर्यंत दहा-वीस जोडण्या वाया गेल्या तरी चालेल. हाच वाया गेलेला माल पुढे पोटापाण्याचे कौशल्य देऊन जातो.

वीज आणि उष्णतेचा हिशेब

समजा, तीन स्विच आणि तीन राउटर अशी सहा जुनी यंत्रे घेतली आणि प्रत्येकी सरासरी ३५ वॅट धरले, तर एकूण भार २१० वॅट होतो. रोज चार तासांच्या सरावाला महिन्याकाठी सुमारे २५ युनिट लागतील. तेवढाच सराव ५० वॅटच्या लॅपटॉपवर केला, तर सहा युनिट. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात, त्यामुळे हे जादा युनिट कुटुंबाच्या नेहमीच्या वापरावर चढतात आणि वरच्या टप्प्याच्या दराने मोजले जाऊ शकतात. शिवाय यंत्राने घेतलेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णता बनून खोलीतच उतरते. वऱ्हाडातील मे महिन्यात त्याची किंमत कूलरच्या बिलातही मोजावी लागते.

वीज अचानक गेली, तर आणखी एक धडा मिळतो. राउटरमध्ये केलेले बदल आधी तात्पुरत्या मेमरीत असतात. ते कायमस्वरूपी साठविले नाहीत, तर वीज जाताच दोन तासांचे काम पुसले जाते. भारनियमनाच्या वर्षांत शिकलेल्या पिढीला ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ ही आज्ञा टंकण्याची सवय बहुधा अशीच लागली असावी. आजही छोटा यूपीएस हा स्पाइक गार्डइतकाच आवश्यक समजावा.

अमरावती ते अकोला : एक सराव

सामग्री जमली, की सरावासाठी खोटे, पुस्तकी आकडे घेण्याऐवजी आपल्याच परिसरातील गरज समोर ठेवावी. अकोल्यात एक डाळ मिल आहे आणि तिचे विक्री कार्यालय अमरावतीत आहे, अशी कल्पना करू. दोन्हीकडे हिशेबाचे संगणक, कॅमेरे आणि पाहुण्यांसाठी वायफाय आहे. पाहुण्याच्या मोबाइलवरून हिशेबाच्या संगणकापर्यंत पोहोचता येऊ नये, म्हणून तीन वेगळे व्हीलॅन करावेत. दोन्ही ठिकाणे मायक्रोटिकमधील वायरगार्ड या सुरक्षित बोगद्याने जोडावीत.

यात दोन अडथळे हमखास येतात. घरगुती राउटर बहुधा १९२.१६८.१.० किंवा तत्सम ठरावीक पत्ता वापरतात. दोन्ही शहरांत तोच पत्ता राहिला, तर पलीकडचे यंत्र कोणते आणि अलीकडचे कोणते, हे राउटरला उमगत नाही. म्हणून अमरावतीला १९२.१६८.१०.० आणि अकोल्याला १९२.१६८.२०.० अशी आखणी सुरुवातीलाच करावी. दुसरा अडथळा इंटरनेट पुरवठादाराकडून येतो. राउटरला मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात सुरू होत असेल, तर तो अनेक ग्राहकांत वाटून घेतलेल्या सार्वजनिक पत्त्यामागचा पत्ता असतो आणि बाहेरून त्या राउटरपर्यंत थेट पोहोचता येत नाही. दोहोंपैकी किमान एका ठिकाणी स्वतंत्र सार्वजनिक पत्ता असावा लागतो.

हा सराव एकट्याने टेबलावर करता येतो. परंतु अमरावतीतील एक आणि अकोल्यातील एक असे दोन मित्र एकत्र आले, तर प्रत्येकाने एकच राउटर घेऊन सुमारे शंभर किलोमीटर अंतरावर तो खराखुरा उभा करता येईल. खर्च निम्मा आणि शिक्षण दुप्पट. एक खबरदारी मात्र घ्यावी. प्रयोगाचा राउटर घरातील वायफायच्या जाळ्याला थेट जोडू नये. त्यातील डीएचसीपी सेवा घरातील इतर मोबाइल आणि टीव्हींना चुकीचे पत्ते वाटू लागते आणि प्रयोगशाळेविषयी कुटुंबाचे मत एका संध्याकाळीच कायमचे बिघडते.

खर्चाची मर्यादा

सीसीएनए परीक्षेचे शुल्क ३०० डॉलर आणि त्यावर कर, असे आहे. घरातील प्रयोगशाळेच्या यंत्रांवरील खर्च या रकमेपलीकडे जाऊ नये, अशी मर्यादा विद्यार्थ्याने स्वतःला घालून घ्यावी. पहिले तीन महिने पॅकेट ट्रेसर, त्यानंतर मेमरी वाढविलेल्या संगणकावर इम्युलेटर, सोबत केबल आणि हत्यारे, मग एक छोटा राउटर आणि अखेरीस दोन स्विच, या क्रमाने गेल्यास कोणत्याही टप्प्यावर थांबले तरी आधीचा खर्च वाया जात नाही. आपल्याला या विषयाची खरी आवड आहे की नाही, याचा उलगडाही पहिल्या दोन टप्प्यांतच, जवळजवळ विनाखर्च होतो.

नांदगाव पेठेतील कापड उद्योगापासून अकोल्याच्या डाळ मिलपर्यंत आणि रुग्णालयांपासून शाळांपर्यंत आज प्रत्येक ठिकाणी जाळे आहे आणि ते कधी ना कधी बंद पडते. त्या वेळी बोलावलेल्या तंत्रज्ञाच्या घरी किती यंत्रे आहेत, हे कोणी विचारत नाही. बिघाड केबलमध्ये आहे, पत्त्यात आहे की मांडणीत, हे त्याला किती लवकर सापडते, एवढेच पाहिले जाते. ते सापडण्याची सवय लावणारी कोणतीही प्रयोगशाळा, मग ती एका लॅपटॉपपुरती का असेना, पुरेशी आहे.